परक्या खुंटावरची संत्री

सकाळी साडेसातच्या सुमारास प्रफुल्ल खेरडे याने वाटीभर दूधभाकर संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली. वरुड तालुक्यातल्या हिवरमाळ गावात, डिसेंबर महिन्यात, एवढेच घडले.

त्याची बायको प्रणिता शेगडीपाशी उभी होती. तिने दुसऱ्यांदा दूध ओतले ते जरा जास्तच. वाटीतून ताटात आणि ताटातून पाटावर आले.

"ध्यान कुठं हाय?" प्रफुल्ल म्हणाला.

"माहं हाय जागेवर. दुधालेच वाटलं नाई तुम्ही दुसरी वाटी मांगसान म्हनून."

बाहेर धुके होते. संत्र्याच्या बागा धुक्यात बुडाल्या की हिवरमाळमध्ये अंतर कळेनासे होते. विहीर हाताशी वाटते आणि दार लांब. त्या धुक्याकडे पाहत प्रफुल्लने दुसरी वाटीही संपवली आणि म्हणाला, "दुधाले वास लागला चाऱ्याचा. हिरव्या चाऱ्याचा. काल गाय लसूनघासात गेली होती काय?"

गेली होती. प्रणिता पाटावरचे दूध पुसत राहिली.

प्रफुल्लच्या गालाला कर्करोग झाला होता. कॉलेजात असताना लागलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याने चाळिशी उलटली तरी सोडला नव्हता. नागपुरात शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार. रोग गेला, आणि जाताना चव घेऊन गेला. जिभेवरच्या चवीच्या कळ्या किरणांनी जळतात. बहुतेकांच्या वर्षभरात परत उगवतात, काहींच्या उगवत नाहीत. प्रफुल्लच्या उगवल्या नाहीत. तोंडात घास गेला की ओला पुठ्ठा चघळल्यासारखे वाटायचे. तो दोन घास खायचा आणि हात धुवायचा. विजार दोरीने बांधावी लागत होती. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी प्रणिताला बाजूला घेऊन सांगितले होते की रोग परत आलेला नाही. पण हा माणूस असाच राहिला तर रोगाला परत येण्याची गरज पडणार नाही.

आदल्या संध्याकाळी त्याने विहिरीजवळच्या झाडाचे एक संत्रे खाल्ले होते. त्या झाडाला पहिल्यांदाच फळ धरले होते.

या झाडाची गोष्ट प्रफुल्लच्या धाकट्या बहिणीपासून सुरू होते. मयूरी खेरडे अमरावतीच्या एका नव्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्रज्ञ होती. संत्रापट्ट्यात तेव्हा एक विषाणू शिरला होता. गावात त्याला सुकवा म्हणत, कारण झाड उभ्याउभ्या शेंड्याकडून सुकत यायचे. औषध नव्हते. मयूरीच्या प्रयोगशाळेने विषाणूला मारण्याचा नाद सोडून दिला होता. त्याला झाडाची लिपी वाचताच येऊ नये, असा त्यांचा बेत होता.

पेशी प्रथिने कशी बनवते हे मयूरी गावकऱ्यांना संत्रा बाजाराच्या उदाहरणाने सांगत असे. डीएनएवरून एका निरोपाची नक्कल निघते. ती नक्कल रायबोसोम नावाच्या एका इवल्या यंत्रातून सरकते आणि यंत्र तिच्यावरची अक्षरे तीन-तीन करून वाचते. अक्षरे चारच, पण तिनाचे गट चौसष्ट होतात. तीन गटांचा अर्थ 'थांबा'. बाकीच्या गटांसाठी हमाल ठरलेले असतात. हमालाच्या छातीवर तीन अक्षरांचा बिल्ला आणि पाठीवर एक अमिनो आम्ल. निरोपातला गट आणि बिल्ला जुळला की हमाल पाठीवरचा माल उतरवतो, माळेत एक मणी वाढतो आणि यंत्र पुढे सरकते. माळ पुरी झाली की आपली आपण दुमडते. त्या घडीवरच सगळे अवलंबून असते. घडी बसली तर पान हिरवे होते, फळ गोड होते. बिघडली तर त्याच मण्यांचा नुसता गुंता होतो.

गवतापासून माणसापर्यंत सगळ्या हमालांचे बिल्ले जवळजवळ सारखे आहेत. विषाणूचे त्यामुळे फावते. त्याच्याजवळ स्वतःचे यंत्र नसते. तो नुसता निरोप घेऊन येतो आणि दुसऱ्याच्या यंत्रावर वाचून घेतो. प्रयोगशाळेने जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी लिंबाच्या, रोपात दोन गट निवडले. दोन्हींचा अर्थ सेरीन नावाचे अमिनो आम्ल. झाडाच्या साऱ्या जनुकांतून ते दोन गट काढून त्यांच्या जागी सेरीनचेच दुसरे गट लिहिले. मग त्या दोन बिल्ल्यांच्या हमालांच्या पाठीवर सेरीनऐवजी ल्युसीन ठेवले. झाडाचे काही बिघडले नाही, कारण त्याच्या निरोपांत ते गट उरलेच नव्हते. विषाणूच्या निरोपात ते जागोजाग होते. सुकवा आत शिरे, स्वतःला वाचून घेई, आणि यंत्रातून बाहेर पडे तो गुंता.

अशी काही रोपे निरनिराळ्या मातीत वाढवून बघायची होती. मयूरीने तीन हिवरमाळला आणली आणि विहिरीजवळ लावली.

"वयनी, याच्यावर डोळा भरायचा नाई," ती म्हणाली होती.

"बरं."

"बरं नको म्हनू. कबूल हो म्हन."

"अवं, तुही वेनी घालून शाळेत पाठवत होती मी तुले. आता माह्याकडून कबुली घेतं काय?"

मयूरी हसली आणि अमरावतीला निघून गेली. पुढे चौकशीत ती म्हणाली की आपण मांजरीपुढे दुधाचे भांडे ठेवून तिला डोळे मिटायला सांगितले होते.

कारण जंबेरीचे झाड संत्रापट्ट्यात कोणी फळासाठी लावत नाही. जंबेरी म्हणजे खुंट. तिच्या सालीवर छेद द्यायचा, त्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची; मुळे जंबेरीची राहतात आणि वर वाढते ते संत्रे. प्रणिताची पन्हेरी, म्हणजे कलमांची रोपवाटिका, होती. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांजवळ बसून डोळे भरायला शिकली होती आणि आता बारा गावचे लोक तिच्या हातची कलमे नेत. तिच्यासारख्या बाईला पेन्सिलीच्या जाडीचा सरळ, निरोगी खुंट दिसला की बोटे आपोआप चाकूकडे जातात.

शिवाय तिच्या मातृवृक्षाला सुकवा लागला होता. पन्हेरीतली सगळी कलमे त्या एका झाडाच्या डोळ्यांची होती. एका मोसमात त्याची एकच फांदी हिरवी उरली. प्रफुल्ल तेव्हा नागपुरात किरणोपचार घेत होता. प्रणिता दोन दिवसांसाठी गावी आली, तिने त्या फांदीवरचा एक डोळा काढला आणि मयूरीच्या एका जंबेरीवर भरला. कोणाला सांगितले नाही. नागपूरला परत गेली तेव्हा तिच्या नखांत जंबेरीच्या सालीचा वास होता आणि वॉर्डात प्रफुल्लच्या उशाशी बसून ती तो हुंगत असे.

डोळा फुटला. झाड वाढले, पण झोपेत चालल्यासारखे. पाने लहान, फिकी आणि पातळ. ऊन त्यांच्यातून गाळून खाली पडे. फुले वयाच्या आधी आणि मोसम सोडून आली. मधमाश्या फुलांजवळ येऊन थबकत, पत्ता विचारल्यासारख्या घोटाळत, मग आत शिरत. फळे मात्र चांगली धरली. भोवतालची झाडे सुकव्याने काळी पडत असताना हे एक झाड फिकट उजेडासारखे उभे राहिले. आपला मातृवृक्ष वाचला, असे प्रणिताने धरले.

प्रफुल्लला दुधात चारा लागला त्या सकाळनंतरचे दिवस दोघांनाही पुढे नीट सलग आठवेनात. तो रोज एक संत्रे खाई आणि मग दिवसभर चाखत हिंडे. पितळी गडव्याची कड. पेरूचे पान. स्वतःचे मनगट. फळाचा परिणाम दुपारपर्यंत वाढत जाई आणि दिवेलागणीला ओसरू लागे. पुन्हा सकाळी दुसरे संत्रे.

"पान्याले चव नसते म्हनतात," एकदा तो विहिरीच्या काठावर बसून म्हणाला. "या पान्यात खालचा गोटा लागून रायला मले. काळा गोटा. अन् त्याच्याखालचा गारवा."

"अन् बोरिंगच्या पान्यात?"

"त्यात लोखंड. अन् घाई."

"घाईले चव असते काय?"

"हाय तं. शिळ्या ताकासारखी."

प्रणिता हसली. तिनेही त्या झाडाचे एक संत्रे खाल्ले होते. तिला पुढचा तासभर सगळे थोडे गोड लागले, एवढेच. तिच्या जिभेवर चवीची गर्दी होती, तिथे आणखी एकाने काही बिघडत नव्हते. प्रफुल्लची जीभ रिकाम्या घरासारखी होती. तिच्यात एक पाऊल वाजले तरी घुमे. काही चवींना त्याच्याजवळ नाव नव्हते. ज्वारीची भाकर, तो म्हणाला, उन्हात वाळलेल्या सुती लुगड्यासारखी लागते. वारा सुटला की तो तोंड किंचित उघडे ठेवून उभा राही. गावातले लोक बघून जात.

तो खात होता. विजारीची दोरी गेली आणि पट्टा आला.

कलमवाल्याच्या घरी चांगले झाड लपत नाही. शेजारचा वासुदेव सुकव्याने अर्धी बाग घालवून बसला होता. तो विहिरीजवळ येऊन झाडाभोवती फिरला. "वयनी, याचे डोळे मले पायजे," म्हणाला. "आंधी माहा नंबर." प्रणिताने नंतर बघू म्हणून सांगितले. प्रफुल्लने तर फोनवरून भंडाऱ्याच्या चिंतामणला शब्दच दिला. चिंतामण नागपूरच्या वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर होता. त्याचीही जीभ गेली होती आणि तोही हातपाय काड्या होऊन घरी पडला होता. "पेटी भरून पाठवतो," प्रफुल्ल म्हणाला. "वॉर्डातल्या साऱ्याइले वाट."

पेटी भरून पडवीत ठेवली होती त्या दिवशी प्रफुल्लने दुधीचा रस काढला. घशाला बरा म्हणून तो रोज घेई. परसातल्या वेलाचा कोवळा दुधी त्याने कापला आणि रीतीप्रमाणे एक चकती जिभेवर ठेवून पाहिली. दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो. घरोघर बाया कापल्यावर आधी चाखतात आणि कडू असेल तर उकिरड्यावर टाकतात.

चकती गोड लागली. तो पुढे प्रणिताला म्हणाला, इतका गोड दुधी त्याने आयुष्यात खाल्ला नव्हता. त्याने पेलाभर रस प्याला आणि थोडा तिच्यासाठी झाकून ठेवला.

प्रणिता पन्हेरीतून आली तेव्हा तो मोरीशी ओणवा होता. उलटीत रक्त होते. तिने झाकलेल्या पेल्यात बोट बुडवून जिभेला लावले. त्या कडूपणाने तिचा जबडा आवळला.

वरुडच्या दवाखान्यात सलाईन लागले. रक्तदाब खाली गेला होता, तो संध्याकाळपर्यंत सावरला. तरुण डॉक्टर जुने कागद चाळून म्हणाले, "किरणोपचारानंतर चव गेलेली आहे, नाही का? मग कडू कसं कळणार. ताई, यापुढे यांना चाखायला लावू नका."

प्रणिताने मान हलवली. तिला काही सांगावेच लागले नव्हते. डॉक्टरांनी स्वतःच कारण मांडून दिले होते आणि ते कोणालाही पटण्यासारखे होते. ती बाकावर येऊन बसली. झाड तसेच राहिले असते. प्रफुल्ल बरा होऊन घरी आला असता, खात राहिला असता, आणि दुधी तिने चाखला असता. तिने हे सगळे नीट जुळवून पाहिले. जुळत होते. मग तिला पडवीतली पेटी आठवली, आणि भंडाऱ्याचे ते अनोळखी घर, जिथे चिंतामणची बायको काही कापून त्याला म्हणेल, चाखून पाहा.

ती आत गेली. प्रफुल्ल जागा होता.

"पेटी पाठवाची नाई," ती म्हणाली.

"दुधी कडू होता. संत्रा नाई."

"तुमाले गोड लागला."

"मंग एक दिवस चूक झाली. आंधीची दीड वर्सं पाह्य ना तू. मी जेवून रायलो, प्रणिता. कोनाले सांगशीन तं झाड जाईन."

"तुमी जासान त्याच्या आंधी झाड गेलं तं चालते मले."

"झाड गेलं तं मी जाईन. तेच तं सांगून रायलो."

त्याने तोंड भिंतीकडे केले.  प्रणिता व्हरांड्यात आली आणि तिने मयूरीला फोन लावला. दुधीचे सांगितले. संत्र्याचे सांगितले.

"कोन्या झाडाचे?" मयूरीने विचारले.

"विहिरीजवळच्या."

"विहिरीजवळ माही जंबेरी हाय, वयनी."

"हव."

"जंबेरीले संत्रे लागत नाईत."

"नाई लागत," प्रणिता म्हणाली.



मयूरी त्याच आठवड्यात फळे आणि पाने घेऊन गेली आणि तपासून परत आली. प्रफुल्ल घरी आला होता. तिघे पडवीत बसली. पेटी मध्ये होती.

मयूरीने सांगितले ते असे. कलमाचा जोड ही भिंत नसते. झाडाच्या रसातून साखर जाते तसे निरोपही जातात आणि हमालही. खालच्या खुंटातले बदललेले हमाल रसाबरोबर वर चढले. वरच्या संत्र्यात त्यांच्यासारख्याच बिल्ल्यांचे जुने हमाल आधीच होते. आता दोघेही एकाच आरोळीला धावू लागले. बहुतेक वेळा जुना पोचे आणि सेरीन उतरवी. कधीमधी नवा पोचे आणि ल्युसीन टाकून जाई. सेरीनला पाणी मानवते, ल्युसीन पाण्यापासून तोंड फिरवते. मणी बदलला की माळेची घडी बदलते. झाडाची पाने फिकी होती ती यामुळे. विषाणूही अर्धामुर्धाच वाचला जात होता म्हणून झाड जगले होते.

आणि फळात एक प्रथिन होते. लिंबाच्या कुळात किडींना आवरण्यासाठी ते असतेच. आफ्रिकेत बोराएवढे एक लाल फळ आहे, जे खाल्ल्यावर आंबट पदार्थही गोड लागतात. त्यातल्या प्रथिनाचे हे लांबचे नातलग. नव्या हमालांनी याच्या काही मण्यांची अदलाबदल केली होती, आणि जी घडी बसली ती आजवर कोणत्याही झाडात बसलेली नव्हती. जिभेवर उरल्यासुरल्या पेशींना ती घट्ट चिकटे. गोड ओळखणाऱ्यांना हलवून जागे करी. कडू ओळखणाऱ्यांना झोपवी.

"पोटात काय करते?" प्रणिताने विचारले.

"माहीत नाही. बहुतेक पचून जातं. बहुतेक." मयूरी कामाचे बोलू लागली की तिची भाषा प्रयोगशाळेची होई. "वासुदेवभाऊंना डोळे दिले?"

"नाई."

"कोणालाच?"

"कोनालेच नाई. मांगून रायले होते."

मयूरीने श्वास सोडला. मग भावाकडे वळली. "दादा, मला हे कळवावं लागेल."

"माही जीभ हाय," प्रफुल्ल म्हणाला. "फसली तं माही फसली."

"चिंतामणभाऊची बी तुहीच काय?" मयूरीने विचारले.

त्याने पेटी पायाने तिच्याकडे सरकवली.

"तुम्ही प्रयोगशाळेत बनवा ना मंग हे," तो म्हणाला. "कडू लागन असं. कडू कडूच लागलं पायजे, बाकीचं बी लागलं पायजे."

"प्रयत्न करतील. मी नसेन त्यात."

"काऊन?"

"रोपं मी आणली होती, दादा. माझ्या घरी कलम झालं."

"कलम मी केलं," प्रणिता म्हणाली. "तसं सांगीन मी. तुह्या कागदावर माहं नाव टाक."

"टाकलं तरी नोकरी जाईन."

"अन् मंग?"

"मंग तुह्या पन्हेरीत येईन. खुंटं धुवाले ठेवशीन का नाई?"

"चाकू नाई देनार," प्रणिता म्हणाली. मयूरी हसली आणि मग तिने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली.

अहवाल मयूरीने स्वतः लिहून दिला. त्यानंतर प्रयोगशाळेची माणसे आली. पांढरे पोशाख घालून ती धुक्यात उतरली तेव्हा कुठे पोशाख संपतो आणि धुके सुरू होते ते कळत नव्हते. नुसते हात आणि हत्यारे फिरताना दिसत. तिन्ही झाडे मुळांसकट निघाली. भोवतालची माती चाळून तुटलेली मुळे वेचली. विहिरीजवळ तीन खड्डे उरले आणि त्यांत हळूहळू पाझराचे पाणी आले. लाकूड त्यांनी तिथेच जाळले. त्याच्या धुराला कोवळ्या सालीचा वास होता आणि तो दुपारपर्यंत बागांवर तरंगत राहिला.

पेटी मोहोरबंद झाली. गाडी निघायच्या वेळी प्रफुल्ल खुर्चीवरून उठला, कुडत्याच्या खिशातून एक संत्रे काढून त्याने गाडीतल्या माणसाच्या हातात दिले. "हा राहून गेला होता," म्हणाला, आणि परत येऊन बसला.

चव एकदम गेली नाही. आधी वाऱ्याची गेली. मग पाण्यातला गोटा गेला, मग भाकरीचे वाळलेले लुगडे. शेवटी दूध नुसते ओले झाले. प्रणिताने ताट वाढणे सोडले नाही. ती त्याच्या समोर बसू लागली आणि स्वतःच्या ताटातला घास खाऊन त्याला सांगू लागली.

"आज जिरं जरा करपलं. कडेकडेनं कडसर."

तो चावत असे.

"वांगं गोड हाय. बिया कोवळ्या. तेल सुटलं वरून."

"तिखट?"

"मागून येते. आंधी वांगं, मंग तिखट."

तो डोळे मिटून चावत असे आणि तिच्या बोलण्याच्या गतीने गिळत असे. कधी ती गप्प झाली की त्याचा जबडा थांबे. पहिल्याइतके नाही, पण तो खात होता. तिला मात्र जेवणे जड जाऊ लागले. प्रत्येक घासाला शब्द शोधावा लागे आणि तोवर घास गार होई. शेजारी त्यांना पाहून म्हणत, नवराबायको जेवताना एवढे काय बोलतात.

मयूरीला निलंबित करण्यात आले. चौकशी चालू आहे. ती हिवरमाळला येऊन राहिली आणि पन्हेरीत पाणी घालू लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी, आंबिया बहाराची फुले भोवतालच्या उरलेल्या झाडांवर असताना, तिघे जेवायला बसली. प्रणिता वरणाचे सांगत होती. डाळ चांगली घोटली गेली, हिंग वर आलाय, असे काही.

"मीठ नाई," प्रफुल्ल म्हणाला.

प्रणिता थांबली. किरणोपचारांत त्याचे तोंड सोलले गेले तेव्हापासून मीठ झोंबते म्हणून त्याच्या वाटीतले वरण ती मिठावाचून वेगळे काढत आली होती. ते तिने कधी सांगितले नव्हते. रोजच्या वर्णनात मिठाचे नाव ती टाळत असे.

"कशावरून?" मयूरीने विचारले.

"नाई म्हनून."

मयूरी उठली. तिच्याजवळ नमुने घ्यायच्या कांड्या अजून होत्या. तिने त्याच्या जिभेवरून, गालाच्या आतून आणि लाळेतून नमुने घेतले, तो घास तोंडात धरून बसला असतानाच. तिने दोन शक्यता सांगितल्या. एक, कळ्या उशिरा का होईना उगवत आहेत. त्या महिनाभराच्या हलवाहलवीने पेशींना वळण लागले असेल, किंवा त्या तशाही उगवणारच होत्या. दुसरी, त्या प्रथिनाचा किंवा आणखी कशाचा अंश अजून आत आहे. खुंटातले हमाल माणसाच्या पेशीत शिरून काम करू शकत नाहीत, असे आजचे शास्त्र सांगते. ते हमाल बनवले गेले तेव्हा संत्रे कोणाच्या जिभेवर बोलेल, असेही शास्त्राने सांगितले नव्हते.

नमुने दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे गेले आहेत. अहवाल आलेला नाही. कडू आपल्याला कळते की नाही, हे प्रफुल्लने अजून करून पाहिलेले नाही. कोणी त्याला तसे सुचवलेलेही नाही. वरणात मीठ किती घालायचे ते तो सांगतो, आणि वाटी त्याच्यापुढे ठेवण्याआधी प्रणिता स्वतः चाखून पाहते.